सागवानी कपाट, पत्र्याचं कपाट आणि दोन हजार रुपये: रंगवायचं कसं?

मंजिरी_डोंबिवली
नमस्कार मंडळी. भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात आलोय. घर लहान, हप्ता मोठा, त्यामुळे नवं फर्निचर घ्यायचा प्रश्नच नाही. आहे तेच जरा बरं दिसेल असं करायचंय.

ऐवज असा. एक, सासूबाईंच्या माहेरून आलेलं दोन दारांचं सागवानी कपाट. पॉलिश काळपट पडलंय आणि डाव्या बाजूला कुणीतरी कधीकाळी हिरवा ऑइलपेंट फासलाय. फक्त डाव्याच बाजूला का, ते घरात कुणालाच ठाऊक नाही. दोन, पत्र्याचं कपाट, पायांशी गंज. तीन, सनमायकाचं टीव्ही युनिट, कडांच्या पट्ट्या सुटलेल्या.

पेंटर एकट्या लाकडी कपाटाचे साडेचार हजार सांगतोय, मटेरियल वेगळं. माझं बजेट तिन्ही मिळून दोन हजार. म्हणजे हात माझेच.

मला लाकडी कपाट मस्त मोरपिशी करायचंय. नवरा म्हणतो, सागाला कुणी रंग मारतं का! कौल द्या, आणि कसं करायचं तेही सांगा.

टवाळ_टोळ
नवऱ्याला मोरपिशी रंगवा, कपाट आहे तसं ठेवा. अर्ध्या लिटरात होईल.

रेवती_के
टोळ :ड

मंजिरी, फोटो टाक बघू आधी. फोटोशिवाय कौल मिळत नाही इथे.

नाना_फडताळे
तुमच्या यजमानांशी शंभर टक्के सहमत. सागावर ऑइलपेंट मारणाऱ्याला खरं तर शिक्षा हवी. आज जुना साग घ्यायला गेलात तर भाव ऐकून घरी परत याल.

कपाट काळं पडलंय ते लाकूड नव्हे, वरचं पॉलिश. जुन्या घरांतलं बहुतेक पॉलिश म्हणजे चपडा (पापुद्र्यांसारखी लाख) आणि स्पिरिट. त्यावर वर्षानुवर्षांचा हाताचा मळ आणि स्वयंपाकघराचा धूर बसतो. ते उतरवा आणि पुन्हा स्पिरिट पॉलिश करा. लिटरभर स्पिरिटला साधारण दीडशे ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत रात्रभर भिजत घालायचा, अधूनमधून हलवायचा, सकाळी जुन्या धोतराच्या कापडातून गाळायचा. गरम करायचा नाही, स्पिरिट पेट घेतं. मग कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने हात फिरवायचा. एक हात वाळला की दुसरा. सहा-सात हात झाले की लाकूड असं काही बोलायला लागतं की मोरपिशी विसराल.

खर्च पेंटपेक्षा जास्त नाही. मेहनत मात्र जास्त.

खिडकीपाशी
नाना, आदर आहेच. पण कपाट मंजिरीला रोज बघायचंय, तुम्हाला नाही. वस्तू वापरात राहिली तर टिकते. 'साग आहे हो' म्हणत माळ्यावर टाकलेली कपाटं मी ढिगाने पाहिली आहेत. आणि रंगवलेलं लाकूड आपल्याकडे नवीन आहे का? सावंतवाडीच्या चितारआळीत पाट, चौरंग, पाळणे, सगळं रंगवलेलंच तर असतं.

नाना_फडताळे
सावंतवाडीचं उदाहरण आवडलं, पण लागू नाही. तिकडची खेळणी मुख्यतः पांगाऱ्याची, पुढे आंबा वगैरे आला. पांगारा हलका, मऊ, रंग छान धरतो, आणि त्याच्या स्वतःच्या रेषा बघण्यासारख्या नाहीत. म्हणून रंगवतात. सागाची गोष्ट वेगळी.

कुडाळचा_चेडू
नानांनू, पांगारा आता मिळता खंय! बाकी मुद्दो बरोबर.

सुतारपक्षी
मत नंतर देतो, आधी तपासणी करा. नाहीतर दोन्ही पक्षांचे पैसे वाया.

स्पिरिटमध्ये बुडवलेलं पांढरं कापड कपाटाच्या मागच्या किंवा दाराच्या आतल्या कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून धरा, मग घासा. पॉलिश विरघळून कापड तपकिरी, चिकट झालं तर चपडा. नाना म्हणतात ते सोपं पडेल. काहीच झालं नाही तर वर व्हार्निश, मेलामाइन किंवा तत्सम काहीतरी आहे आणि ते घासूनच काढावं लागेल.

आता तो हिरवा रंग. तो कोरडा घासू नका. हे ठळक समजा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते, त्यातही हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांत. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाबद्दलचे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली. त्याआधीच्या डब्यात काय होतं ते आता कोण सांगणार? कोरडं घासलं की ती भुकटी हवेत, तिथून पोटात. घरात लहान मूल असेल तर अजिबात नको. पेंट रिमूव्हर लावा, रंग फुगून सुरकुतला की बोथट पात्याने खरवडा आणि ते सगळं ओलं असतानाच कागदात गुंडाळून पिशवीत बंद करा. उरलेल्या डागांना वॉटर पेपर, पाणी लावून. नाकाला नुसता रुमाल नको, नीट बसणारा एन-९५ मास्क लावा, खिडक्या उघड्या. ब्लो टॉर्च किंवा गॅसच्या आचेवर रंग जाळायचा जुना प्रकार तर मुळीच नको, शिसं धुरातून जातं.

पॉलिश पेपर कुठला ते लोक नेहमी विचारतात: सुरुवात १२० ने, मग १८०, रंगाआधी २२०. ८० नंबर फक्त अगदी खडबडीत जागी. सागावर ८० फिरवलात तर ओरखडे पॉलिशखालून दिसत राहतील.

आज्जीचा_बटवा
घासायला सुरुवात करायच्या आधी कपाटाखाली काळा कागद अंथरून चार दिवस तसंच ठेवा. कणकेसारखी बारीक पूड पडली तर आत भुंगा जिवंत आहे. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतील. त्यावर रंग फासला तर आतलं किडणं चालूच राहतं. भोकांत सिरिंजने कीडनाशक सोडायचं, हार्डवेअरच्या दुकानात लाकडासाठीचं मिळतं. काही दिवस थांबून लांबीने, म्हणजे पुट्टीने, भोकं बुजवायची.

आणि डांबरगोळ्यांचा वास! जुन्या कपाटाचं दार उघडलं की सगळं घर आजोळ होतं. रंग देऊन तो वास जातो हो.

टवाळ_टोळ
आज्जी, वास गेला पाहिजे म्हणूनच लोक रंग देतात.

गोंयकार_बाब
आमच्याकडे जुन्या घरांत शिसवीचे सोफे, वेताच्या बैठकीच्या खुर्च्या. एका नातेवाइकांनी त्यातल्या दोन पांढऱ्या रंगवल्या, मासिकात बघून. वर्षभरात पांढऱ्यातून तांबूस डाग वर आले. लाकडातला रंगद्रव्याचा अंश पाण्याच्या (पाणी घालून पातळ होणाऱ्या) रंगात उतरतो. सागातही थोडाफार, खैर-शिसवीत जास्त, गाठींतून तर हमखास. मंजिरीबाय, फिकट रंग देणार असाल तर आधी चपड्याचे दोन हात मारा, तो डाग अडवतो. म्हणजे नानांचा चपडा दोन्हीकडे लागतोच!

नाना_फडताळे
बघा. चपड्याशिवाय गत्यंतर नाही.

सुतारपक्षी
गोंयकारांना +१. फक्त त्या चपड्यावर पाण्याचा रंग देणार असाल तर चकाकी ३२० ने हलकी मोडा, नाहीतर रंग धरत नाही.

भाऊ_नगरकर
पत्र्याच्या कपाटाकडे कुणी बघेना म्हणून लिहितो. माझं गॅरेज आहे, पत्रा हाच धंदा.

गंज आहे तिथे तारेचा ब्रश, मग ८० चा पेपर, पत्रा चकचकीत दिसेपर्यंत. 'वरून रंग मारू, झाकलं जाईल' हा विचार मनातून काढा. गंज खाली वाढत राहतो आणि सहा महिन्यांत रंगाला फोड येतात. पाय कुजून भोक पडलं असेल तर रंगाने काही होणार नाही, वेल्डरकडून पट्टी मारून घ्या. भोक नसेल तर घासल्या-घासल्या त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमरचा हात मारा. रात्रभर उघडा ठेवला, त्यात हवा दमट, की सकाळी पुन्हा तांबूस.

बाकीचा जुना रंग घट्ट असेल तर तो काढायची गरज नाही. ३२० चा वॉटर पेपर पाण्याने फिरवा, चकाकी गेली की बस. साबणाने धुवा, कोरडं करा, वर ऑइलपेंटचे दोन पातळ हात. पातळ करायला टर्पेंटाइन वापरा. आमच्याकडचा एनसी थिनर (गाडीच्या रंगाचा) त्यात ओतू नका, खालचा रंग सुरकुततो, मग बसा रडत.

ब्रशच्या रेघा नको असतील तर एक जुगाड सांगतो. कपाट स्वतः घासून, प्रायमर मारून घ्या आणि जवळच्या गॅरेजवाल्याला गाठा. दुसऱ्या एखाद्या गाडीचं काम चालू असताना उरलेल्या रंगात तो फवारून देतो. रंगाची निवड मात्र तुमची नाही, त्या गाडीच्या मालकाची. आमच्या घरातलं कपाट टेम्पोच्या पिवळ्या रंगाचं आहे.

रेवती_के
टेम्पोचं पिवळं कपाट! मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलंय ना भाऊ?

भाऊ_नगरकर
पोरानं खडूने लिहिलं होतं. बायकोने पुसलं.

म्युनिककर
इकडे जर्मनीत काही गावांत नको असलेलं फर्निचर ठरलेल्या दिवशी रस्त्याच्या कडेला ठेवतात, श्पेरम्युल म्हणतात. आमची निम्मी बैठक तिथलीच. सुरुवातीला लाज वाटायची, आता सकाळी चहा घेऊन बाल्कनीतून टेहळणी करतो. नंतर खडूचा रंग द्यायचा, म्हणजे चॉक पेंट. घासावं कमी लागतं, मॅट दिसतो. भारतात मिळतो का? महाग असेल.

खिडकीपाशी
मिळतो, पण छोटा डबाही बजेटबाहेर जातो. घरी होतो की. भिंतीचा मॅट इमल्शन तीन वाट्या, प्लास्टर ऑफ पॅरिस एक वाटी. प्लास्टर आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, मग इमल्शनमध्ये. अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होऊ लागतं म्हणून लागेल तेवढंच करायचं. घाई नको असेल तर प्लास्टरऐवजी खडूची पूड, व्हायटिंग म्हणून हार्डवेअरवाल्याकडे मिळते, ती गोठत नाही. वर मेण किंवा पाण्याचं क्लिअर व्हार्निश हवंच, नाहीतर चहाच्या कपाचा गोल उठतो.

मी याच मिश्रणाने स्टूल, खिडकीतली फळी आणि लेकीचं अभ्यासाचं टेबल केलंय. टेबलावर व्हार्निशचे तीन हात, तेव्हा कुठे पेनाची शाई पुसली जाते. नानांनी डोळे मिटावेत, टेबल आंब्याच्या लाकडाचं होतं.

सुतारपक्षी
'कमी घासावं लागतं' हे वाक्य जर्मनीच्या हवेत खरं असेल. आपल्याकडे तेलकट हात, फोडणीचा धूर आणि पावसाळा. सोड्याच्या पाण्याने धुऊन १८० फिरवल्याशिवाय काहीच टिकत नाही. रंगकामात रंग लावणं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात थोडं असतं. पेंटर साडेचार हजार सांगतो ते घासण्याचे सांगतो.

परशा_पेंटर
धन्यवाद पक्षी. अठरा वर्षं हेच काम करतो. लोक रंगाचा डबा बघून हिशोब करतात, 'साडेतीनशेचा लिटर आणि तुम्ही चार हजार मागता'. ताई, घासायला एक अख्खा दिवस, लांबी भरून परत घासायला दुसरा, प्रायमर तिसरा. सागाच्या कपाटाला दोन दारं म्हणजे चार बाजू आणि नक्षीच्या खाचा. खाचेत पेपर जात नाही, बोटाला गुंडाळून घासावं लागतं, नखं जातात.

तरीपण स्वतः करा, जमतं. माझ्याकडून दोन गोष्टी. ब्रश नवा असेल तर आधी तळहातावर झटका, सुटे केस गळू द्या, रात्रभर पाण्यात ठेवून वाळवा. आणि दार बिजागरीवरून उतरवून आडवं टाकून रंगवा. उभ्या दाराला रंग ओघळतो, खालच्या कडेला थेंब धरतात. स्क्रू काढल्यावर कुठल्या बिजागरीचा कुठला ते चिकटपट्टीवर लिहून ठेवा, जुने स्क्रू एकमेकांच्या भोकात बसत नाहीत.

मंजिरी_डोंबिवली
बापरे, किती लिहिलंत! परशादादा, माझा रोख तुमच्यावर नव्हता हो. पेंटर महाग आहे असं नाही, माझे पैसे कमी आहेत.

आणि टीव्ही युनिट? सनमायकाला रंग बसतो?

अवांतर_अनंत
बसतो, आणि नंतर उठतो. आमच्या सोसायटीत एकांनी हौसेने रंगवलं, व्हिडिओत बाई हसत हसत करत होती म्हणे. नखाने सोलून निघायचा. त्यांच्या नातवाला दुपारचा छान उद्योग मिळाला.

सुतारपक्षी
अनंत म्हणतात तसं बहुतेक वेळा होतं, कारण गुळगुळीत सनमायकावर थेट रंग मारतात. २२० ने सगळी चकाकी मारायची, पुसायचं, मग गुळगुळीत पृष्ठभाग धरणारा खास प्रायमर. साधा वुड प्रायमर चालत नाही. तो खास प्रायमर महाग पडेल. तुमच्या बजेटात मी सुटलेल्या पट्ट्याच चिकटवेन. रबरी गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा, बोटाला चिकटेनासा झाला की दाबा, वरून लाटणं फिरवा. ओला असतानाच दाबला तर धरत नाही, लोक तिथेच चुकतात. युनिट रंगवू नका.

कोल्हापुरी_ठेचा
युनिट रंगवू नका ला अनुमोदन. चिकटवायचा डिझाइनचा कागद मिळतो, तो दर्शनी फळीला. नाहीतर टीव्हीच मोठा घ्या, युनिट दिसायचंच नाही.

टवाळ_टोळ
बजेट दोन हजार, उपाय पन्नास इंची. ठेचा, तुम्ही अर्थमंत्री व्हा.

रेवती_के
एक सांगू? मुहूर्त बघा. पावसाळ्यात स्पिरिट पॉलिश करू नका. दमट हवेत पॉलिशवर पांढुरका धुरकट थर येतो. ऑइलपेंटही कित्येक दिवस चिकट राहतो आणि त्यावर सगळे डास येऊन बसतात. आमच्या दाराला अजून एक डास आहे, रंगाखाली अमर झालाय. दिवाळीनंतरचे कोरडे महिने सगळ्यात बरे.

नाना_फडताळे
अगदी बरोबर. आणखी एक धोक्याची सूचना. कुणी अळशीच्या तेलाचा सल्ला देईल. तेल चांगलंच, पण त्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

मंजिरी_डोंबिवली
मंडळी, अपडेट!

पक्षींची स्पिरिट परीक्षा केली. दारावर आणि उजव्या बाजूला कापड तपकिरी, म्हणजे चपडा. नाना खूश व्हा. आज्जींचा काळा कागद स्वच्छ राहिला, भुंगा नाही.

पण गंमत पुढे आहे. हिरव्या बाजूला रिमूव्हर लावून ओलं खरवडलं (मुलाला माहेरी पाठवलं होतं, मास्क लावून), तर खाली सागच नाही! खोक्याला वापरतात तसलं पांढरट, हलकं लाकूड, वर गाठीच गाठी. आतल्या दोन फळ्याही तसल्याच. सासूबाईंच्या मोठ्या भावाला फोन केला. ते म्हणाले, पुरात घरात पाणी शिरलं होतं, डावी बाजू फुगून फुटली, गावच्या सुताराने हाताशी होती ती फळी ठोकली आणि वेगळी दिसू नये म्हणून हिरवा रंग मारला. आतल्या फळ्याही तेव्हाच्याच. दारं आणि चौकट तेवढी मूळची.

आता?

खिडकीपाशी
वेगळी दिसू नये म्हणून हिरवा! सुतार थोर होता.

सुतारपक्षी
मग वाद मिटला की. त्या फळीला पॉलिश करून साग होणार नाही. गाठींवर चपड्याचे दोन हात, वुड प्रायमर, खाचा असतील तिथे लांबी, २२० आणि मग तुमचा मोरपिशी. तो रंग पाण्याचा घेतलात तर मध्ये ३२० फिरवायला विसरू नका.

नाना_फडताळे
त्या बाजूला रंग द्यायला माझी हरकत नाही. आतल्या फळ्यांनाही नाही. दारांना हात लावलात तर मात्र मी डोंबिवलीला येईन.

मंजिरी_डोंबिवली
या की नाना, बोळा फिरवायला माणूस हवाच आहे :)

ठरलं असं: दारं, चौकट, उजवी बाजू स्पिरिट पॉलिश. डावी बाजू आणि आतल्या फळ्या मोरपिशी. नवरा म्हणतोय दार उघडलं की धक्का बसेल. बसू दे. पत्र्याचं कपाट भाऊंच्या पद्धतीने, ब्रशनेच, राखाडी. टेम्पोचा पिवळा घरात नको.

बिल सांगते: पॉलिश पेपर सगळे नंबर मिळून दोनशे दहा, रिमूव्हरचा छोटा डबा दोनशे चाळीस, चपडा आणि स्पिरिट तीनशे ऐंशी, वुड प्रायमर आणि रेड ऑक्साइड अडीचशे, दोन रंगांचे अर्धा-अर्धा लिटर चारशे, ब्रश, मास्क, टर्पेंटाइन, गोंद मिळून तीनशे. सतराशे ऐंशी झाले. पितळी कड्या चिंच-मीठ लावून घासल्या, फुकट.

परशा_पेंटर
हिशोब चोख आहे ताई. मजुरी धरली नाहीत तेवढंच.

टवाळ_टोळ
मजुरी नवरा.

अवांतर_अनंत
एक शंका. उरलेला ऑइलपेंट किती दिवस टिकतो? आमच्याकडे डब्यात वर साय धरते आणि सगळा फेकावा लागतो.

भाऊ_नगरकर
फेकू नका. डब्याच्या कडा फडक्याने पुसा, झाकण हातोडीने घट्ट बसवा आणि डबा उलटा करून ठेवा. साय धरली तरी तळाला धरते. पुढच्या वेळी आधीच जाड साय असेल तर कापून उचला, ढवळू नका, आणि खालचा रंग जुन्या स्टॉकिंगमधून गाळून घ्या.

अवांतर_अनंत
स्टॉकिंग कुठून आणू, नगरकर?

भाऊ_नगरकर
पीठ चाळायची मलमल चालते. पण मग तीत पीठ चाळू नका.